खापर हवेवर

बोईसर स्टेशनाकडून औद्योगिक वसाहतीकडे जाताना 'क्युरिंग' हा शब्द दोन अर्थांनी कानावर पडतो. बांधकामावरचा मिस्त्री म्हणतो, "स्लॅबचं क्युरिंग चालू आहे." म्हणजे स्लॅबवर आळी करून पाणी साठवले आहे आणि ते आटू द्यायचे नाही. थोडे पुढे एखाद्या शेडमध्ये फायबरग्लासचे काम करणारा कारागीर म्हणतो, "क्युरिंग व्हायचंय, हात लावू नका." त्याच्या कामावर पाण्याचा थेंब पडला तर तो चिडेल. एकाला पाणी हवे, दुसऱ्याला नको. शब्द मात्र एकच. आणि तो एक आहे हे योग्यच आहे, कारण दोन्ही ठिकाणी पदार्थ कठीण होतो तो रासायनिक क्रियेने. सिमेंट पाण्याशी संयोग पावते. रेझीनचे छोटे रेणू एकमेकांना जोडले जाऊन त्यांचे त्रिमितीय जाळे तयार होते. दोन्ही ठिकाणी काहीही 'वाळत' नाही.

तरीही मराठीत आपण दोन्हींना 'वाळणे' किंवा 'सुकणे' म्हणतो, आणि वर्गातही तसेच सांगतो. सुताराचा पांढरा फेविकॉल खरोखर वाळतो, कारण त्यातले पाणी उडून जाते. पण दोन नळ्यांतले एपॉक्सी मिसळले, की त्यातून उडून जाण्यासारखे जवळजवळ काही नसते. ते पिकते. आंबा पिकायला जसा काळ लागतो, ऊब लागते, आणि घाई केली तर तो वरून पिवळा व आतून आंबट राहतो, तसेच काहीसे इथे घडते. या लेखात 'क्युरिंग'साठी मी 'पिकणे' हेच क्रियापद वापरणार आहे. नव्या परिभाषेची हौस म्हणून नव्हे, तर 'वाळणे' या शब्दामुळे होणारी चूक महागात पडते म्हणून.

चूक अशी. पत्र्याच्या दारातला फेस सुटला, शीतगृहाच्या भिंतीचे आवरण फुगले, किंवा फायबरच्या छपराचे पापुद्रे निघाले, की एक ठरलेले स्पष्टीकरण दिले जाते : "इथली हवा दमट, त्यात खारी. इथे काही टिकत नाही." पुरवठादार तेच सांगतो, कारखानदार तेच सांगतो, आणि गिऱ्हाईकही मान डोलावते, कारण पालघर तालुक्यात लहानाचा मोठा झालेल्या कोणालाही जुलैतली हवा सांगावी लागत नाही. या स्पष्टीकरणाची तपासणी करावी, असा या लेखाचा हेतू आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो : हवेचा परिणाम खरा आहे, पण बहुतेक वेळा तो वस्तू वापरात असतानाच्या वर्षांत घडलेला नसतो, वस्तू तयार होत असतानाच्या काही तासांत घडलेला असतो. आणि त्या तासांची जबाबदारी हवेची नसते.

आधी वस्तू समजून घेऊ. दोन पातळ, ताठ आवरणे आणि त्यांच्यामध्ये जाड पण हलका गाभा, अशा रचनेला सँडविच रचना म्हणतात. आवरणे पत्र्याची, काचतंतूंची किंवा कार्बन तंतूंची असतात. गाभा फेसाचा, बाल्सा लाकडाचा किंवा मधाच्या पोळ्यासारख्या षट्कोनी घरांचा असतो. शीतगृहाच्या भिंतींपासून विमानाच्या सुकाणूपर्यंत ही रचना आढळते. हिचे सामर्थ्य साध्या गणिताने दाखवता येते. एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध १ मानू. हा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. आता तितकेच साहित्य वापरून अर्ध्या मिलिमीटरचे दोन पत्रे घेतले आणि मध्ये तीन मिलिमीटरचा हलका गाभा ठेवला. एकूण जाडी चार मिलिमीटर झाली. चारचा घन ६४. पण मधले तीन मिलिमीटर पत्र्याचे नाहीत, म्हणून तीनचा घन २७ वजा करू. उत्तर ३७. पत्र्याचे वजन तेवढेच, ताठपणा सदतीसपट!

हे गणित फळ्यावर मांडल्यावर पुढचा प्रश्न विद्यार्थ्यांनाच विचारावा : आवरण गाभ्यापासून सुटले तर? मग दोन पत्रे एकमेकांची पर्वा न करता वेगवेगळे वाकतील. अर्ध्याचा घन एक अष्टमांश. दोन्ही मिळून पाव. म्हणजे ३७ वरून थेट पाव, सुमारे दीडशेपट घसरण. मूळच्या साध्या पत्र्यापेक्षाही वाईट. इथे गाभ्याचा स्वतःचा ताठपणा आणि त्याचे कातर-विरूपण आपण सोडून दिले आहे, त्यामुळे प्रत्यक्षातले आकडे वेगळे येतील, पण मुद्दा बदलत नाही. सगळी रचना आसंजकाच्या, म्हणजे चिकटवणाऱ्या पदार्थाच्या, एका पातळ थरावर उभी असते.

(आपल्या भागातले कारवीच्या कुडाचे घर हे 'पूर्वजांचे सँडविच' असल्याचे कधी कधी कौतुकाने सांगितले जाते. ते बरोबर नाही. कारवीच्या काठ्या आणि दोन्ही बाजूंनी शेणमातीचा लेप हा संमिश्र पदार्थ जरूर आहे, पण त्यात ताठ काठ्या मध्ये आणि कमकुवत थर बाहेर असतो; सँडविचच्या नेमके उलट. त्याचे मोठेपण वेगळे आहे, ते उसने आणण्याची गरज नाही.)

आता पिकण्याकडे वळू. एपॉक्सीत दोन घटक मिसळले, की तीन गोष्टी एकामागून एक घडतात. प्रथम मिश्रण प्रवाही असते आणि उबेने आणखी पातळ होते. मग रेणू जुळू लागून ते दाट होते आणि एका क्षणी त्याची जेली बनते. यानंतर ते वाहू शकत नाही. शेवटी जाळे घट्ट होत जाऊन ते काचेसारखे कडक होते. चिकटण्याचे खरे काम पहिल्या टप्प्यात होते. पातळ झालेला आसंजक पृष्ठभागावर पसरतो, बारीक खाचांत शिरतो. पोळेदार गाभा असेल तर तो पातळ भिंतींच्या कडांवर पृष्ठताणाने थोडा वर चढतो आणि तिथे वक्र कोपरा तयार करतो. पेल्याच्या कडेला पाणी जसे चढलेले दिसते, तसाच. कागदाइतक्या पातळ भिंतीची नुसती कड आवरणाला टेकली तर ती काय धरणार? तो वक्र कोपराच आवरण धरून ठेवतो. आसंजक पुरेसा पातळ होण्याआधीच जेली झाली, तर कोपरा तयार होत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही पॅनेले सारखीच दिसतात.

ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढले की क्रियेचा वेग सुमारे दुप्पट होतो. माहितीपत्रकावर 'वापरण्याची मुदत ४० मिनिटे' असे छापलेले असते. त्याच्या बाजूला बारीक अक्षरात २३ किंवा २५ अंश सेल्सियस लिहिलेले असते. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ३५ अंश असतील तर ४० ची २० मिनिटे होतात. शिवाय डबाभर मिश्रण एकदम कालवले तर क्रियेत निघणारी उष्णता आतच कोंडते आणि मिश्रण आणखी लवकर जमू लागते. शेवटचा तुकडा लावणाऱ्या कामगाराच्या हातात जे असते ते निम्मे जमलेले असते. ते लागते, पण धरत नाही. जानेवारीच्या पहाटे याच्या उलट होते : संध्याकाळपर्यंत ठरलेल्या तासांत पीक पूर्ण होत नाही, आणि तरीही पॅनेल शिकंज्यातून काढले जाते, कारण कागदावर तास पूर्ण झालेले असतात.

याहून कमी माहीत असलेली एक मर्यादा आहे. खोलीच्या तापमानाला पिकवलेले एपॉक्सी कधीच पूर्ण पिकत नाही. जाळे घट्ट होत गेले, की रेणूंची हालचाल थांबते आणि क्रिया अर्धवट गोठते. ज्या तापमानाखाली बहुवारिक काचेसारखा कडक आणि ज्याच्या वर मऊसर असतो, त्याला काचसंक्रमण तापमान म्हणतात. २५-३० अंशांना पिकवलेल्या साध्या एपॉक्सीचे हे तापमान ५०-६० अंशांच्या आसपास अडकते. गडद रंगाचा पत्रा मे महिन्याच्या उन्हात ६० अंशांच्या वर सहज जातो. म्हणजे भर दुपारी तो थर कडक राहिलेलाच नसतो. उपाय ठाऊक आहे : पॅनेल काही तास जास्त तापमानाला ठेवून पीक पुढे न्यायचे. त्यासाठी भट्टी लागते, वीज लागते, वेळ लागतो. हा खर्च वाचवला जातो आणि मग उन्हाला दोष दिला जातो.

आर्द्रतेचे काय? ती दोन वेगवेगळ्या वेळी दोन वेगवेगळी कामे करते, आणि सगळा गोंधळ या दोन्हींची सरमिसळ केल्याने होतो. पिकून झालेल्या आसंजकात पाणी हळूहळू शिरते आणि त्याचे काचसंक्रमण तापमान खाली आणते. मराठीत यासाठी नेमका शब्द आहे : सादळणे. पावसाळ्यात चिक्की सादळते, पापड सादळतो. चिक्की हा साखर-गुळाचा काचपदार्थच आहे, आणि पाण्याचे रेणू त्यात शिरले की तो मऊ, चिकट होतो. आसंजकही सादळतो. हे वापरातले नुकसान. ते संथ असते आणि चांगल्या पिकलेल्या थरात मर्यादित राहते.

पिकण्याच्या वेळी येणारे पाणी मात्र निराळे. ते जोड होऊच देत नाही. समजा, जुलैत हवा ३० अंश आणि सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के आहे. आपल्या किनाऱ्यावर हे नित्याचेच. या हवेचा दवबिंदू २७ अंशांच्या थोडा वर येतो. म्हणजे वातानुकूलित खोलीतून २४ अंशांचा पत्रा बाहेर आणला, की त्यावर दव जमणार. डोळ्यांना कदाचित दिसणारही नाही, पण आसंजकाला पत्र्याऐवजी पाण्याचा थर भेटेल. अमाइन प्रकारच्या हार्डनरवर दमट हवेतले पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांची क्रिया होऊन पृष्ठभागावर तुपकट साय येते. ती न धुता दुसरा थर दिला तर तो सायीला चिकटतो, खालच्या थराला नाही. फायबरच्या कामातल्या पॉलिएस्टर रेझीनमध्ये ओलसर मॅट वापरली, तर पाणी पिकण्याची क्रिया मंदावते आणि काचतंतू व रेझीन यांची पकड ढिली राहते.

मासळीच्या शीतगृहांत आणि औषध कारखान्यांच्या स्वच्छ खोल्यांत पॉलियुरेथेन फेसाची जी पॅनेले वापरतात, त्यांत वेगळा आसंजक बऱ्याचदा नसतोच. फुलणारा फेस स्वतःच पत्र्याला चिकटतो. इथे आयसोसायनेट हा घटक पाण्याशी तत्परतेने क्रिया करतो आणि कार्बन डायऑक्साइड वायू सोडतो. पत्र्यावर दव असेल तर जे आयसोसायनेट जोडासाठी हवे ते पाण्यात खर्च होते, आणि नेमके जोडाच्या जागी बुडबुडे येतात. पत्रा गार असेल तर त्याला टेकलेला फेस नीट पिकत नाही, ठिसूळ राहतो, हाताने भुगा होतो. म्हणून पत्रा आधी कोमट करून घ्यायचा असतो. सातपाटीच्या पापलेटाला बर्फ किती लागेल, हे काही अंशी त्या कोमट पत्र्यावर अवलंबून आहे.

विमानाच्या दर्जाच्या पॅनेलात हेच अधिक उग्र रूपात दिसते. पोळेदार गाभ्याच्या घरांत २५ अंशांची हवा कोंडून पॅनेल १२० अंशांपर्यंत तापवले, तर केल्व्हिनमध्ये २९८ चे ३९३ होतात, आणि आतला दाब १.३२ पट होतो. हवेला वाट मिळाली नाही, आणि बाहेरून फक्त निर्वात पिशवीचा, म्हणजे जास्तीत जास्त एक वातावरणाचा दाब असेल, तर आतली हवा जिंकते. गाभ्यात ओल असेल तर आणखी वाईट : १२० अंशांना पाण्याच्या वाफेचा संपृक्त दाब सुमारे दोन वातावरणे असतो. पुरी याच तत्त्वावर फुगते. स्वयंपाकघरात फुगलेल्या पुरीला शाबासकी मिळते. पॅनेल फुगले तर ते भंगारात जाते. म्हणून ओल शोषणारा गाभा आधी भट्टीत कोरडा करतात, घरांतली हवा काढून घेतात, आणि शक्य असेल तिथे दाबयुक्त भट्टीत जादा दाबाखाली पिकवतात. अकरावीतला वायूचा नियम आणि बाष्पदाबाचा तक्ता, एवढ्या दोन गोष्टींवर हे सगळे उभे आहे.

इतक्या तपशिलानंतर 'हवा खराब' या स्पष्टीकरणाचा इतिहास पाहणे उपयोगाचे ठरेल, कारण ते पहिल्यांदा देण्यात आले ते बोईसरला नव्हे. दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिशांचे मॉस्किटो विमान लाकडी होते. ते प्रथम २५ नोव्हेंबर १९४० रोजी उडाले. त्याचा सांगाडा बर्च प्लायवूडच्या दोन आवरणांमध्ये बाल्साचा गाभा असा होता. सँडविच रचनेचे हे गाजलेले उदाहरण. सुरुवातीला त्यात केसीन, म्हणजे दुधातल्या प्रथिनापासून केलेला डिंक वापरत; पुढे त्याची जागा युरिया-फॉर्माल्डिहाइड रेझीनने घेतली. १९४४ च्या अखेरीस भारत-ब्रह्मदेश आघाडीवर ही विमाने हवेत मोडून पडू लागली. पंखाचे वरचे आवरण मुख्य तुळईपासून उचलले जात होते. (पंखाची रचना सांगाड्यापेक्षा वेगळी होती; दोन प्लायवूडांमध्ये लाकडी पट्ट्या. पण जोड डिंकाचाच.)

ही गोष्ट लोकप्रिय लेखनात अनेकदा अशी सांगितली जाते : इंग्रजांनी थंड देशात दुधाच्या डिंकाने विमान बनवले, आणि आपल्या मोसमी पावसाने ते विरघळवले. गोष्ट चटकदार आहे, थोडा स्वदेशी आनंदही देते. पण ती तपासावर टिकत नाही. कंपनीचे एक पथक मेजर हेरवर्ड डी हॅविलंड यांच्या नेतृत्वाखाली भारतात आले आणि डिसेंबर १९४४ मध्ये त्याने निष्कर्ष दिला, की दोष डिंकाचा नाही; पावसाळी हवामानात लाकूड आकसल्याने हे घडले. पुढच्या तपासात मात्र वेगळेच निघाले. इंग्लंडमध्ये डेफर्ड येथे मॉस्किटोच्या सहा प्रकारांची विमाने तपासली गेली. ही विमाने कंपनीच्या हॅटफील्ड आणि लीव्हज्डन इथल्या कारखान्यांत बनलेली होती, आणि त्यांतल्या एकानेही मोसमी पाऊस पाहिलेला नव्हता. तरी दोष तेच! डिंक लावण्याच्या कामाचा दर्जाच कमी होता. एवढे कळूनही ब्रिटिश हवाई मंत्रालयाने विमानावरचा विश्वास उडू नये म्हणून हवामानाचेच कारण पुढे ठेवले. दुरुस्ती म्हणून पंखावरच्या जोडावर प्लायवूडची पट्टी बसवून तो झाकण्यात आला.

मला या प्रकरणातली सर्वांत बोलकी गोष्ट ती तपासणीची रीत वाटते. हवेवर आरोप असेल, तर जिथे ती हवा नाही तिथली वस्तू उघडून पाहायची. हा साधा नियंत्रित प्रयोग आहे. आठवीच्या मुलाला आपण बियांच्या उगवणीत तो करायला लावतो. भारतात आलेल्या पथकाने फक्त भारतातली विमाने पाहिली, म्हणून त्याला भारताची हवा दिसली. तारापूरच्या शेडमध्ये सुटलेल्या पॅनेलाबाबतही हाच प्रश्न विचारता येतो : याच खेपेची, याच आठवड्यात बनलेली पॅनेले पुण्याला किंवा नाशिकला गेली असतील, तर ती कशी आहेत? हा प्रश्न विचारलेला मी क्वचितच ऐकला आहे.

एका बाजूने बोलून थांबणे बरे नव्हे, म्हणून दुसरे उदाहरण. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ विमानाचे सुमारे १८ फूट छप्पर २४,००० फुटांवर उडून गेले. एक हवाई सेविका मरण पावली. बाकीचे ९४ जण वाचले, कारण वैमानिकांनी ते उघडे विमान खाली उतरवले. हे सँडविच नव्हते. धातूच्या पत्र्यांचे एकावर एक ठेवलेले जोड होते, रिव्हेट आणि एपॉक्सी यांनी सांधलेले. एपॉक्सी भिनवलेली जाळी थंडीत साठवत, वापरण्यापूर्वी बाहेर काढत आणि खोलीच्या तापमानाला पिकवत. लगेच वापरली तर गार जाळीवर दव जमे; उशीर केला तर जोडण्यापूर्वीच ती पिकू लागे. काही जोड जन्मतःच कच्चे राहिले. कंपनीने ही पद्धत १९७२ पासून बंद केली, पण आधी बनलेली विमाने उडतच राहिली. कच्च्या जोडात समुद्राची खारी, दमट हवा शिरली, पत्रे गंजले, सगळा भार रिव्हेटांवर आला आणि त्यांच्या भोकांपाशी तडे वाढत गेले. त्या विमानाची ८९,००० हून अधिक उड्डाणे झाली होती. चौकशीत मुख्य ठपका आला तो हे सुटलेले जोड आणि तडे न शोधणाऱ्या देखभालीवर.

इथे हवा निर्दोष नाही. पण तिला आत शिरायला फट दिली ती पिकण्याच्या वेळच्या परिस्थितीने. 'हवा की कारखाना' असा प्रश्न न विचारता 'हवा कुठल्या क्षणी आली' असे विचारले, तर हे प्रकरण नीट उलगडते.

यावर एक आक्षेप येईल : तयार माल तपासून घ्या, मग पिकण्याचे तास मोजत कशाला बसायचे? दुर्दैवाने ते पुरत नाही. सँडविच पॅनेल नाण्याने ठोकून पाहतात. सुटलेल्या जागी आवाज बद्द येतो. मडके वाजवून घेण्यासारखेच हे आहे. श्राव्यातीत ध्वनिलहरींनी बारीक पोकळ्याही सापडतात. पण जिथे आवरण गाभ्याला टेकलेले आहे, मध्ये पोकळी नाही आणि तरीही जोड कमजोर आहे, तिथे या दोन्ही रीती फसतात. जोडाची ताकद मोजायची तर तो तोडूनच मोजावी लागते. म्हणून प्रत्येक खेपेबरोबर त्याच साहित्याचा, त्याच वेळी, त्याच भट्टीत पिकवलेला छोटा नमुना तोडून पाहतात, आणि उरलेल्या पॅनेलांसाठी साक्षीदार एकच राहतो : त्या तासांत तापमान, दाब आणि आर्द्रता किती होती, याची नोंद. शे-दोनशे रुपयांचा तापमापक, तेवढ्याचाच आर्द्रतामापक आणि एक वही. लहान शेडमध्ये ही वही सहसा नसते, आणि मग वाद निघाला की बोट हवेकडे जाते किंवा ज्याच्या हातात रोलर होता त्या कामगाराकडे. दुसरे जास्त वाईट, कारण हवेची रोजी बुडत नाही.

पालघर, डहाणू, बोईसरच्या शाळांतली अनेक मुले आयटीआयमधून किंवा थेट या शेडमध्येच कामाला जाणार आहेत. माहितीपत्रकावरच्या '२५ अंश, ५० टक्के' या बारीक अक्षरांचा अर्थ त्यांना शाळेतच कळावा, यासाठी एक प्रयोग सुचवतो. तो नववीनंतरच्या वर्गाला जमेल. बाजारातले दोन नळ्यांचे एपॉक्सी, हातमोजे, उघड्या खिडक्या एवढे पुरे. (फायबरच्या कामातले कोबाल्ट आणि पेरॉक्साइडचे कॅटॅलिस्ट शाळेत मुळीच आणू नये, ते दोन्ही थेट एकमेकांत मिसळले तर स्फोटक क्रिया होते. शिवाय पॉलिएस्टर रेझीनमधले स्टायरीन थर्मोकोल विरघळवते, हे अनेकांना गाभा नाहीसा झाल्यावरच कळते. एपॉक्सीने थर्मोकोल विरघळत नाही.)

अ‍ॅल्युमिनियमच्या सारख्या पट्ट्या घासून स्वच्छ कराव्यात आणि जोडीजोडीने, एकीवर दुसरी सारखेच अंतर ठेवून, चिकटवाव्यात. पहिला गट खोलीच्या तापमानाच्या कोरड्या पट्ट्यांचा. दुसऱ्या गटातल्या पट्ट्या फ्रिजमधून काढून, न पुसता लगेच चिकटवाव्यात. तिसऱ्यात मिश्रण कालवून, ते ताणल्यावर दोऱ्या निघू लागेपर्यंत थांबून मग लावावे. प्रत्येक गटात निदान पाच जोड हवेत; एका जोडावरून काही ठरत नाही. तापमान, आर्द्रता आणि वेळ फळ्यावर लिहून ठेवावी. दोन दिवसांनी बादलीत वाळू ओतत जाऊन जोड तोडावेत आणि वजने मांडावीत. त्यानंतर तुटलेल्या पट्ट्या मुलांच्या हातात द्याव्यात. दोन्ही पट्ट्यांवर एपॉक्सी उरले असेल, तर जोड आसंजकाच्या आतून तुटला. एका पट्टीवर सगळे एपॉक्सी आणि दुसरी पट्टी कोरी चकचकीत असेल, तर ती पट्टी मुळात चिकटलीच नव्हती, आणि मुलांनी फळ्यावरच्या नोंदीत त्या पट्टीची ओळ शोधावी.